ल्युपिनचा कडवटपणा : बागेत आणि स्वयंपाकघरात

ल्युपिन या वनस्पतीस मराठीत रूढ असे नाव नाही. ‘तुर्मुस’ हे तिचे अरबी नाव युनानी वैद्यकाच्या द्वारे भारतात आले. पण औषधी दुकानांच्या बाहेर ते फारसे गेले नाही. नावाच्या या अभावामुळे एक गल्लत सहज होते. बागकामाच्या पुस्तकात ल्युपिन हे उंच, रंगीत तुऱ्यांचे शोभेचे झाड म्हणून भेटते आणि आहारशास्त्राच्या पुस्तकात तेच नाव प्रथिनांनी समृद्ध असे कडधान्य म्हणून येते. वाचकास दोन्ही एकच वाटतात. प्रजाती एकच असली, तरी बागेतील शेंगांतले बी शिजवून खाणे हा जीवावर बेतणारा प्रयोग ठरू शकतो. ही दोन रूपे कोठे एकत्र येतात व कोठे वेगळी होतात, याचे उत्तर या वनस्पतीच्या एकाच गुणात, म्हणजे तिच्या कडवटपणात, सापडते.

ल्युपिनस ही शिंबावंत कुलातील मोठी प्रजाती होय. तिच्या दोनशेहून अधिक जातींपैकी बहुतेक अमेरिका खंडातील आहेत; भूमध्य समुद्राभोवती डझनभरच आढळतात. धान्यासाठी लावल्या जाणाऱ्या जाती मात्र मुख्यत्वे चार : पांढरी (ल्युपिनस अल्बस), निळी (ल्यु. अँगुस्टिफोलियस), पिवळी (ल्यु. ल्युटियस) आणि अँडीज पर्वतातील ‘तार्वी’ (ल्यु. म्युटाबिलिस). त्यांच्या बियांत प्रथिनांचे प्रमाण साधारणपणे 30 ते 40 टक्के असते. तार्वीत ते याहूनही अधिक असून तिच्यात तेलही भरपूर असते. मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नत्र स्थिर करतात, हे सर्व कडधान्यांप्रमाणेच. पांढऱ्या ल्युपिनचे वैशिष्ट्य असे की, जमिनीत स्फुरद कमी असल्यास तिच्या मुळांवर दाट तंतूंचे झुबके फुटतात व त्यांतून स्रवणारे सायट्रिक आम्ल जखडलेला स्फुरद मोकळा करते. निकस वाळूत ती तग धरते ती यामुळेच. रोमन कृषिलेखक कॉल्युमेला याने हिरवळीचे खत म्हणून तिची प्रशंसा केली आहे. आपल्याकडे ताग जे काम करतो तेच ती तेथे करीत असे.

आता कडवटपणाकडे वळू. रानटी ल्युपिनच्या बियांत ल्युपॅनीन, स्पार्टिईन इत्यादी अल्कलॉइडे असतात. त्यांचे प्रमाण 1 ते 4 टक्के भरते. वनस्पतीच्या दृष्टीने हे तिचे चिलखत आहे : मावा तिच्यावर सहसा बसत नाही, ससे तिला तोंड लावीत नाहीत. मनुष्याच्या पोटात ही द्रव्ये पुरेशा मात्रेत गेली की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, दृष्टी अंधुक होते, छाती धडधडते व मन गोंधळते. ही सारी लक्षणे धोतऱ्याच्या विषबाधेची आठवण करून देणारी आहेत.

असे असूनही इटली, पोर्तुगाल, ईजिप्त व अँडीजमधील लोक शतकानुशतके हे बी खात आले आहेत, कारण ही अल्कलॉइडे पाण्यात विरघळतात. रीत अशी : सुके बी रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात चांगले उकळावे, आणि मग थंड पाण्यात ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा पाणी बदलीत राहावे. हे पाच दिवस, कधी आठ-दहा दिवसही चालते. येथे उकळण्याचा हेतू केवळ मऊ करणे हा नव्हे. जिवंत बी आपली द्रव्ये पेशींत राखून ठेवते. उष्णतेने अंकुर मेला व पेशींची आवरणे सैल झाली म्हणजेच कडू द्रव्य पाण्यात उतरू लागते. अँडीजमध्ये उकळलेल्या तार्वीची पोती वाहत्या ओढ्यात टाकून ठेवतात. उरलेले कडू पाणी जनावरांच्या अंगावरील कीटकांवर वापरण्याची प्रथाही तेथे आहे. सह्याद्रीतील आदिवासी कडूकंदाच्या चकत्या उकडून ओढ्याच्या धारेत ठेवतात, त्यामागील तत्त्व हेच होय. कडवटपणा पूर्ण गेला की बी मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि खाताना, भिजवलेले वाल सोलावेत तसे, बोटांनी दाबून सालीबाहेर काढतात. पोर्तुगालमध्ये ‘त्रेमोसू’ या नावाने ते बिअरबरोबर वाढले जाते. येथे जीभ हीच कसोटी : किंचितही कडू लागल्यास बी थुंकावे व पाणी पुन्हा बदलावे. घाईने केलेल्या ल्युपिनमुळे रुग्णालयात जावे लागल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांतून नमूद आहेत.

दुसरा मार्ग पैदासकारांचा. पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईने जर्मनीत ल्युपिनकडे लक्ष वेधले. त्याच सुमारास हँबुर्ग येथे ल्युपिनच्या पदार्थांची एक मेजवानीच झाली, तीत सूपापासून कॉफीपर्यंत सारे ल्युपिनचेच होते. पुढे एर्विन बाउर यांनी असा तर्क मांडला की, कडू पिकांत क्वचित एखादे गोड झाड असलेच पाहिजे. प्रश्न ते शोधण्याचा आहे. त्यांचे सहकारी राइनहोल्ट फॉन झेंगबुश यांनी जलद रासायनिक चाचणी वापरून लक्षावधी झाडे तपासली आणि 1920–30 च्या अखेरीस अल्कलॉइड अत्यल्प असलेली मोजकी झाडे मिळविली. ‘गोड ल्युपिन’ ती हीच. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी निळ्या ल्युपिनमध्ये हा गुण, न तडकणारी शेंग आणि पांढरे फूल व पांढरे बी हे एकत्र आणले. 1967 मध्ये ‘युनिव्हाइट’ हा वाण प्रसृत झाला. पांढरा रंग निवडला तो सौंदर्यासाठी नव्हे, तर निळ्या फुलांची कडू रानटी झाडे शेतात पाहताक्षणी ओळखता यावीत म्हणून. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. गोडपणा हा अप्रभावी गुण असल्याने कडू झाडाशी संकर होताच तो झाकला जातो. शिवाय चिलखत उतरविल्याची किंमत द्यावी लागतेच : गोड वाणांवर मावा अधिक पडतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या अन्नमानकांनी ल्युपिनच्या पिठात दर किलोग्रॅमला 200 मिलिग्रॅम अल्कलॉइडांची मर्यादा घातली आहे. भुईमुगाची ॲलर्जी असलेल्यांना ल्युपिनही बाधू शकते, म्हणून युरोपीय संघाने 2006 च्या निर्देशाने तिचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला. ही बाब अल्कलॉइडांची नसून प्रथिनांची आहे, आणि गोड वाणालाही ती लागू आहे.

बागेतील ल्युपिनची वाट निराळी. ल्यु. पॉलिफिलस ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील जाती डेव्हिड डग्लस याने 1826 च्या सुमारास इंग्लंडात आणली. यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्याने सुमारे पंचवीस वर्षे शेजारी शेजारी अनेक प्रकार लावले. संकर मधमाश्यांनी केला, त्याने फक्त न आवडलेली झाडे उपटली. 1937 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्याचे भरगच्च, दुरंगी तुरे लोकांसमोर आले. त्याची निवड केवळ फुलासाठी होती. कडवटपणाला हात लावण्याचे त्याला कारणच नव्हते. म्हणून रसेल-ल्युपिनचे बी आजही कडूच समजावे.

लावताना बियांचे कठीण कवच कानशीने किंचित घासून अथवा रात्रभर भिजवून पेरावे. सोटमूळ खोल जाते व हलविणे सोसत नाही, म्हणून शक्यतो कायमच्या जागीच पेरणी करावी. निचरा उत्तम आणि जमीन किंचित आम्ल हवी. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोहाच्या अभावाने पानांवर केवडा पडेल. कोकणातील जांभ्याची माती आम्लतेने जुळते, पण तेथील उष्मा बहुवर्षायू जातींना मानवणारा नाही. आपल्याकडे कुंडीत, आम्ल मिश्रणात, हिवाळी हंगामी जाती घेणे हेच बरे. तुरा कोमेजताच, शेंगा धरण्यापूर्वी, तो खुडावा : बहुवर्षायू जातींत त्यामुळे दुसरा बहार येण्याची शक्यता असते, आणि मटारासारख्या दिसणाऱ्या शेंगा लहान मुलांच्या हाती पडत नाहीत.