चाकांवरच्या घराची जमीन

पनवेलजवळ कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारापाशी मालमोटारींच्या रांगा लागलेल्या असतात. मे महिन्याच्या दुपारी त्यांपैकी एखाद्या रिकाम्या हौद्यात अनवाणी चढण्याचे धाडस कोणी करणार नाही. पत्र्याचा तळ असलेल्या हौद्यात पाय भाजतो. शेजारच्या जुन्या, लाकडी फळ्यांचा तळ असलेल्या ट्रकमध्ये तितका भाजत नाही. दोन्ही तळ एकाच उन्हात तापलेले असतात आणि त्यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. फरक असतो तो पायाच्या कातडीकडे उष्णता किती वेगाने येते यात. हा मुद्दा शाळेच्या पुस्तकात ‘सुवाहक आणि दुर्वाहक’ या मथळ्याखाली येतो आणि चहाच्या पातेल्याच्या दांड्यापाशी संपतो. पण समजा, त्या हौद्यात कोणाला राहायचेच असेल, तर?

ही कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून पनवेल-उरण पट्ट्यात जुने कंटेनर मुबलक मिळू लागले. बांधकामावरची कचेरी, पहारेकऱ्याची खोली, मुकादमाचा मुक्काम अशा अनेक रूपांत ते रस्त्याकडेला दिसतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर ट्रक किंवा व्हॅनचे फिरते घर करण्याची हौसही वाढली आहे. (वाहनात असा मूलभूत बदल करायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती आधी घ्यावी.) अशा घराचे छप्पर आणि भिंती यांचा विचार सगळे करतात. जमिनीचा विचार बहुधा शेवटी होतो, आणि तोही परदेशी पुस्तकातले चित्र पाहून. तिथेच घोटाळा होतो.

आपल्या साध्या घरात जमिनीला उष्णतारोधक थर आपण कधीच देत नाही. कोकणातल्या घरात शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची जमीन उन्हाळ्यात हवीहवीशी वाटते, कारण तिच्याखाली पृथ्वी असते. काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, म्हणजे आपल्या भागात सव्वीस-सत्तावीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुपारी घरातली उष्णता या जमिनीत मुरते. येथे रोधक थर घालणे म्हणजे फुकटचा गारवा नाकारणे होय. ट्रकच्या तळाखाली मात्र पृथ्वी नसते. तिथे असते मोकळी हवा, तिच्याखाली तापलेले डांबर आणि कुठेतरी जवळून जाणारा सायलेन्सरचा नळ. घराची जमीन उष्णता शोषून घेते, तर ट्रकची जमीन ती आत सोडते. म्हणून चाकांवरच्या घराला रोधक जमीन लागते.

ती किती जाड असावी? हे गणित वर्गात सहज करता येण्याजोगे आहे. पदार्थाची जाडी (मीटरमध्ये) भागिले त्याची उष्णतावाहकता, म्हणजे त्या थराचा उष्णतारोध. पोलादाची वाहकता सुमारे ५० वॉट प्रति मीटर प्रति अंश आहे, प्लायवूडची ०.१३ आणि थर्मोकोलची ०.०३६. स्थिर हवेची ०.०२६ असते, आणि थर्मोकोल म्हणजे मुख्यतः बारीक कप्प्यांत कोंडलेली हवाच. आता ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे १० चौरस मीटरचा हौदा घेऊ. ट्रकखाली ३८ अंश आणि आत २८ अंश तापमान आहे असे धरू. ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा स्वतःचा रोध इतका क्षुल्लक असतो की तो सोडून द्यावा. पत्र्याच्या वर आणि खाली हवेचे जे पातळ थर चिकटलेले असतात, त्यांचाच काय तो रोध, एकत्रित सुमारे ०.२. म्हणजे नुसत्या पत्र्यातून १० गुणिले १० भागिले ०.२, म्हणजेच ५०० वॉट उष्णता आत येईल. अर्ध्या किलोवॉटचा हीटर जमिनीखाली सतत चालू असल्यासारखे हे झाले.

त्यावर १२ मिलिमीटरचे प्लायवूड टाकले की आकडा ३५० वॉटच्या आसपास येतो. त्याखाली २५ मिलिमीटर थर्मोकोल घातला तर तो सुमारे १०० वर उतरतो, ५० मिलिमीटर घातला तर ६० वर आणि १०० मिलिमीटर घातला तर ३३ वर. पहिल्या इंचाने जवळजवळ अडीचशे वॉट वाचवले, दुसऱ्याने चाळीस, आणि पुढच्या दोन इंचांनी मिळून सत्तावीस. शिवाय जमिनीची जाडी वाढली की तेवढी डोक्यावरची उंची जाते, आणि ट्रकमध्ये ताठ उभे राहता येणे ही चैन नव्हे. माझ्या मते आपल्या हवामानात जमिनीला दीड ते दोन इंच पुरे. जास्तीचा पैसा छपराला द्यावा. भर दुपारी १० चौरस मीटरच्या छपरावर दहा किलोवॉटच्या घरात ऊन पडत असते, त्यापुढे जमिनीची बाब किरकोळ आहे.

मात्र हे सारे गणित रोधक थर अखंड आहे असे मानून केले. प्रत्यक्षात प्लायवूड कशावर तरी ठोकावे लागते. गॅरेजमधला कारागीर सवयीने दोन इंची लोखंडी चौकोनी नळ्या हौद्याला वेल्ड करतो, मधल्या चौकटींत थर्मोकोल भरतो आणि वरून प्लायवूड पक्के करतो. काम मजबूत दिसते. पण नळीची भिंत २ मिलिमीटर जाड असेल आणि नळ्या अर्ध्या मीटरवर असतील, तर क्षेत्रफळाच्या ०.८ टक्के भागातून खालपासून वरपर्यंत सलग पोलाद जाते. पोलादाची वाहकता थर्मोकोलच्या जवळजवळ चौदाशे पट असल्याने या ०.८ टक्क्यातून थर्मोकोलच्या दहा पटींहून अधिक उष्णता वाहू शकते. मघाचे ६० वॉट अडीचशेपर्यंत जातात. म्हणजे दोन इंची थराचे काम अर्ध्या इंचापेक्षाही कमी थराइतके होते. नळ्यांच्या जागी ५० मिलिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्या वापरल्या, तर त्या १० टक्के जागा व्यापतात, तरीही आकडा ६० वरून फक्त ७२ वर जातो. उष्णतेच्या अशा चोरवाटेला ‘उष्णतेचा पूल’ म्हणतात.

हा पूल मुलांना दाखवण्यासाठी मोठे साहित्य लागत नाही. इंचभर जाडीच्या थर्मोकोलचे तळहाताएवढे दोन तुकडे घ्यावेत. एकात तीन इंची आठ-दहा खिळे आरपार घुसवावेत. दोन्ही तुकडे गरम पाण्याच्या घमेल्यात तरंगत ठेवावेत (पाणी शिक्षकांनीच ओतावे). खिळ्यांची टोके पाण्यात बुडतील आणि डोकी वर राहतील. दोन्ही तुकड्यांवर पत्र्याचे एकेक झाकण ठेवून त्यात सारख्या आकाराचे बर्फाचे खडे ठेवावेत. कोणता आधी वितळेल, हे आधी वहीत लिहून घ्यावे. काही मुले ‘खिळे थंड असतात’ म्हणून उलटे उत्तर देतात, आणि त्यावरची चर्चा प्रयोगाइतकीच मोलाची असते.

बाजारात मिळणाऱ्या चंदेरी चकाकत्या चादरीबद्दलही येथेच सांगतो. ती उष्णतेचे प्रारण परतवते, हे खरे. पण त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा असावी लागते. प्लायवूड आणि पत्रा यांच्या मध्ये ती चेपून बसवली की तिच्यातून थेट वहनच होते आणि चकाकीचा काहीही उपयोग होत नाही. छपराखाली पोकळी ठेवून ती लावावी, जमिनीत नको.

भार पेलण्याचा प्रश्नही थोडक्यात पाहू. साधा हलका थर्मोकोल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅम भाराखाली दबू लागतो. साठ किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला तर दाब त्याच्या चौपट होतो, आणि लोखंडी खाटेच्या पायाखाली दहापटही होऊ शकतो. वरच्या प्लायवूडमुळे हा भार पसरतो, म्हणून ते १२ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावे, आणि खाटेच्या पायांखाली फळीचे तुकडे द्यावेत. आश्चर्य म्हणजे दोनशे लिटर पाण्याचे पिंप तितके त्रासाचे नसते, कारण त्याचा तळ रुंद असतो.

आता खरा कठीण भाग: पाणी. पनवेल परिसरात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैमध्ये हवा २८ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंश असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर या हवेतले बाष्प पाणी होऊन बसते. आत वातानुकूलन लावून २४ अंश तापमान ठेवले, तर आतले प्लायवूडही २४ च्या जवळपास येते. हौद्याच्या फळ्यांच्या फटींतून, नटबोल्टांच्या भोकांतून बाहेरची दमट हवा वर शिरली आणि थर्मोकोलच्या सांध्यांतून प्लायवूडच्या खालच्या अंगाला पोचली, की तिथे पाणी जमते. तिथे ना ऊन, ना वारा. काही महिन्यांत प्लायवूडचे पापुद्रे सुटतात, बुरशीचा वास येऊ लागतो आणि वरून मात्र सर्व छान दिसत असते.

युरोपातल्या पुस्तकांत बाष्प अडवणारा प्लास्टिकचा कागद रोधक थराच्या वर, म्हणजे खोलीच्या बाजूला दाखवलेला असतो. तिथे ते अगदी बरोबर आहे. तिथे आत ऊब आणि दमटपणा, तर बाहेर बर्फ. बाष्प आतून बाहेर जाऊ पाहते आणि त्याला उबदार बाजूलाच अडवायचे असते. पनवेलच्या पावसाळ्यात वातानुकूलित खोलीची उबदार, दमट बाजू बाहेरची, म्हणजे खालची असते. तोच कागद येथे वर घातला, तर खालून येणारे बाष्प बरोबर थंड बाजूला अडते आणि तिथेच साचते. नियम ‘कागद आत लावा’ असा नसून ‘कागद उबदार आणि दमट बाजूला लावा’ असा आहे. आपल्याकडे तो रोधक थराच्या खाली हवा. पत्र्याचा तळ असेल तर तो पत्राच बाष्परोधक असतो, फक्त त्याची भोके आणि सांधे नीट बुजवलेले हवेत.

हाच ट्रक जानेवारीत स्पितीला न्यायचा असेल तर? मग बाजू उलटतात. अशा वेळी कोणत्याही एका बाजूच्या कागदावर भिस्त न ठेवता, बंद कप्प्यांच्या दाट फोमच्या लाद्या वापराव्यात. त्यांचे सांधे पट्टीने मिटवावेत आणि हवा खेळायला पोकळीच ठेवू नये. अशी लादी स्वतःच बाष्पाला बऱ्यापैकी अडवते. काचतंतूची गादी, पेंढा, तूस यांचे तसे नाही. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या वीसपटींहून जास्त असल्याने भिजलेली गादी रोधक उरतच नाही, आणि खालचा पत्रा गंजवते ते वेगळेच.

वातानुकूलन नसले तरी आतला दमटपणा असतोच. झोपलेला माणूस श्वास आणि घाम यांतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडे अधिक पाणी तयार होते. प्रोपेनच्या ज्वलनाचे समीकरण मांडून हा आकडा नववी-दहावीच्या मुलांना काढायला लावावा. सहसा त्यांचा विश्वास बसत नाही.

कंटेनर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्याची मूळची जमीन साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते आणि जहाजातून किडी दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून त्या लाकडावर अनेकदा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. दारावरच्या धातूच्या पाटीवर तिची नोंद मिळते. माल ठेवायला ती जमीन उत्तम. पण तिच्यावर अंथरूण टाकून लहान मुलांना निजवणे मला पटत नाही. ती काढून टाकावी किंवा वरून पूर्ण झाकून बंद करावी.

थर्मोकोल चिकटवताना पेट्रोल किंवा थिनरचा अंश असलेला डिंक वापरू नये. त्यात थर्मोकोल विरघळतो आणि थराला खड्डे पडतात. थर्मोकोल पेटला की वितळून ठिबकतो. पॉलियुरेथेन फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. म्हणून फोम कुठेही उघडा ठेवू नये, आणि सायलेन्सर जिथे तळाजवळून जातो तिथे मध्ये हवेची पोकळी ठेवून पत्र्याची आडभिंत बसवावी.

आणि गॅस. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की वर न जाता जमिनीवर पसरतो. आपण सगळ्या फटी बुजवून घट्ट केलेली जमीन म्हणजे त्याच्यासाठी एक उथळ परातच. सिलिंडरचे कपाट खोलीपासून पूर्ण वेगळे असावे आणि त्याच्या तळाला थेट बाहेर, खाली उघडणारे भोक असावे. शेगडीजवळही जमिनीलगत जाळी लावलेला एक झरोका ठेवावा. हे झरोके ठेवणे आणि बाष्प अडवणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. त्यावर उपाय एवढाच की भोक जमिनीच्या सगळ्या थरांतून आरपार जाणाऱ्या नळीचे असावे आणि नळीभोवतीची फट बंद करावी, म्हणजे दमट हवा खोलीत आली तरी जमिनीच्या पोटात शिरत नाही.