साध्या बाटलीचं वय

फ्रान्समधल्या महागड्या रेड वाइनचं म्हातारपण जगाला ठाऊक असतं. लिलावाच्या याद्यांत आणि श्रीमंतांच्या तळघरांत तिला मानाची जागा असते. साध्या वाइनच्या म्हातारपणाची मात्र कुठे नोंद होत नाही. पंधरा-वीस युरोंची बाटली दुकानातून घरी येते आणि बहुधा त्याच आठवड्यात रिकामी होते. तीच बाटली दहा-पंधरा वर्षं थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवली तर काय होईल? याचं उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर सापडत नाही. द्राक्ष कोणतं, जमीन कशी आणि वाइन करणाऱ्याला घाई किती, यावर ते ठरतं.

किंमत आणि दर्जा यांची गाठ बोर्दोत 1855 साली पक्की बांधली गेली. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला भरलेल्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या रेड वाइनची पाच श्रेणींत यादी केली आणि आधार घेतला तो बाजारभावाचा. एका ओ-ब्रियोंचा अपवाद सोडला तर यादीतले सगळे शातो, म्हणजे वाइनचे मळे, मेदोक भागातले. ही यादी आजही चालते; 1973 साली मूताँ-रोतशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, तेव्हा ती मोठीच बातमी झाली. बाहेर राहिलेल्यांपैकी 444 मळ्यांची दुसरी यादी 1932 साली निघाली. हे क्रू बूर्ज्वा. 2003 साली त्यांची नवी प्रतवारी झाली, ती नाराज मालकांनी कोर्टात नेली आणि 2007 साली रद्द झाली. आता 2020पासून पुन्हा तीन पायऱ्या आल्या आहेत.

या भांडणांकडे पाठ फिरवून काहींनी नाव कमावलं. जाँ गोत्रो या वाइन-व्यापाऱ्याने 1969 साली जिरोंद खाडीकाठचा सोसियांदो-माले हा मोडकळीला आलेला मळा घेतला. जमीन गोट्या-वाळूची, खाडीकडे उतरणारी, पाण्याचा चांगला निचरा होणारी. त्याची वाइन तरुणपणी कडक असते आणि वर्षांनी उलगडते. उत्तर मेदोकमधलं पोताँसाक हे असंच दुसरं नाव. ते लेओव्हील-लास-काझवाल्या देलों कुटुंबाच्या हातात आहे, म्हणजे मोठ्या घराण्याची शिस्त आणि लहान घराण्याची किंमत. 2005, 2010, 2016 अशा कसदार वर्षांतल्या या वाइनना दहा-पंधरा वर्षं सहज झेपतात.

बाटलीत नेमकं काय घडतं, ते थोडक्यात असं. द्राक्षाची साल आणि बिया यांतून टॅनिन येतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तसा त्याचा तुरटपणा. सालीतलाच रंग हळूहळू या टॅनिनशी जोडला जातो, रेणू मोठे होत जातात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून वाइनचा जांभळटपणा जाऊन कडेला विटकरी छटा येते आणि जिभेवरची धार बोथट होते. आंबटपणा मात्र जवळपास तेवढाच राहतो. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि देवदाराचं लाकूड, तंबाखू, चामडं, ओला पालापाचोळा, अळंबी असे वास वर येतात. अडचण एकच: टॅनिन मऊ होण्याआधी फळ संपलं तर हाती उरतो कोरडा आंबटपणा. 1975च्या अनेक बोर्दो वाइनचं असंच झालं. टॅनिन भरपूर, पण वाट पाहता पाहता फळच निघून गेलं. नुसता कडकपणा म्हणजे दीर्घायुष्याची हमी नव्हे.

लुआर नदीच्या खोऱ्यातल्या शिनोंमध्ये जमिनीचं महत्त्व सगळ्यांत स्पष्ट दिसतं. द्राक्ष एकच, कॅबर्ने फ्रां. व्हिएन नदीकाठच्या वाळू-गोट्यांत वाढलं तर हलकी, लवकर प्यायची वाइन होते. चुनखडीच्या उतारावर वाढलं तर तीच वाइन वीस वर्षंही टिकते. ज्या मऊ दगडाने लुआरचे राजवाडे उभे राहिले, त्याच्याच जुन्या खाणी इथे तळघरं म्हणून वापरतात. बाराही महिने गारवा आणि ओलावा फुकट. ओल्गा राफो या घराण्याची ‘ले पिकास’ ही वाइन जुनी होऊनही परवडते, ही शिनोंची खरी मिजास.

बर्गंडीशेजारच्या बोजोलेचं नाव घेतलं की नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी कोवळी ‘नूव्हो’ आठवते आणि इथलं काही साठवायचं नसतं, असा समज होतो. गामे या द्राक्षाची बदनामी तशी जुनी: 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने त्याला आपल्या मुलखातून हाकललं होतं. पण बोजोलेच्या दहा खास भागांपैकी मोर्गों आणि मुलाँ-आ-व्हाँ इथली वाइन आठ-दहा वर्षांनी अशी बदलते की जाणकारही तिला बर्गंडीची पिनो न्वार समजून बसतात. ज्या शेजाऱ्याने दाराबाहेर काढलं, त्याच्याच वळणावर गामे म्हातारपणी जातं.

नैऋत्येकडच्या मादिराँची गोष्ट उलटी. तिथल्या तान्ना द्राक्षात टॅनिन इतकं, की पाच-सात वर्षं घोट घेणं जड जायचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पात्रिक दुकूर्नो याने तिथे टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे सोडण्याची पद्धत काढली आणि ती जगभर पसरली. तुरटपणा महिन्यांत मऊ झाला. पण त्यातून मुख्यतः जिभेवरची धार गेली. बाटलीतल्या वर्षांनी येणारे वास त्या बुडबुड्यांना जमले नाहीत. भूमध्य किनाऱ्यावरच्या बाँदोलमध्ये कायदाच घाई करू देत नाही. रेड वाइनमध्ये निम्मं तरी मुर्व्हेद्र द्राक्ष हवं आणि ती किमान अठरा महिने लाकडी पिंपात राहायला हवी.

जुनी बाटली उघडण्याचंही तंत्र आहे. आदल्या दिवशी ती उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी जातो. बूच ठिसूळ झालेलं असतं. साध्या स्क्रूने तुकडे होतात, म्हणून दोन पात्यांचा चिमटा बरा. वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि मानेशी गाळ दिसला की थांबावं. पहिला वास कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला आणि हवा लागूनही गेला नाही, तर दोष बुचाचा. ती बाटली गेली. एरवी पहिला कोंदटपणा दहा मिनिटांत उडतो. फार जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवू नये, तिचा उरलेला सुगंध पेल्याबाहेरच संपतो. खरी परीक्षा घोट गिळल्यावर होते. तोंडाला पाणी सुटत असेल आणि चव रेंगाळत असेल, तर वाइन जिवंत आहे.

आपल्याकडे हा खेळ अवघड होतो तो हवामानामुळे. वाइनला बारा-तेरा अंश तापमान लागतं आणि ते वर्षभर स्थिर लागतं. नागपूरचा मे महिना कपाटातल्या बाटलीला काही आठवड्यांतच शिजवून काढतो. स्वयंपाकघरातला फ्रिज वर्षानुवर्षांच्या मुक्कामासाठी फार थंड आणि कोरडा. बूच त्यात आक्रसतं. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर बाटली विकत घेऊन पिऊन टाकावी, त्यात कमीपणा काही नाही. झणझणीत रश्शाबरोबरही ती काढू नये. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण तिला जास्त मानवतं.

पंधरा वर्षांनी क्रू बूर्ज्वा ही पहिल्या श्रेणीतली शातो लातूर होत नाही, हे मान्य करायलाच हवं. तिची खोली बेताचीच राहते. जे होतं ते नीट जुळून येतं, एवढंच. पण जुनी लातूर पैसे मोजून लिलावात मिळते. जुनी पोताँसाक किंवा मोर्गों दुकानात क्वचितच दिसते, कारण ती सांभाळण्यात व्यापाऱ्याला फायदा नसतो. ज्याने ठेवली त्यालाच ती मिळते. आणि महागडी बाटली एकच असते, प्रसंगाची वाट पाहत पडून राहते, उघडली की सगळं संपतं. स्वस्तातल्या सहा घेऊन ठेवल्या तर पहिली कच्ची असताना, दुसरी रुसलेली असताना, चौथी ऐन भरात असताना उघडता येते. वाइन कशी जुनी होते हे शिकायचं, तर हाच एक परवडणारा मार्ग आहे.