आवाज साहेबांचा, पण बोलले कोण?



या पानावर दर वेळी आम्ही लागण, खोडवा, खताच्या मात्रा नि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे. पण तो उसाच्या फडातूनच आमच्याकडे चालत आला, म्हणून शेतकी विभागानेच लिहायचे ठरले.

गेल्या हंगामाच्या उत्तरार्धात आपल्या एका गटात मोबाईलवर एक मजकूर फिरला. कारखाना आठ दिवसांत बंद होणार, ज्याचा ऊस उभा राहील तो उभाच राहील. वर कारखान्याचे नाव, खाली न वाचता येणारी सही. मग काय, तोडचिठ्ठी नसताना काहींनी बाहेरची माणसे लावून ऊस पाडला. एका ठिकाणी तर फड पेटवून दिला. ऊस पाडला की त्या दिवसापासूनच त्याचे वजन घटू लागते आणि आतली साखर मोडू लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो ते उगाच नव्हे. जळका ऊस तर त्याहून लवकर नासतो. कारखाना ठरल्याप्रमाणे पुढे चालू राहिला, पण पाळी नसलेला ऊस बांधावर वाळत पडला. त्याच्या पायी ज्यांची खरी पाळी होती त्यांच्या टोळ्या हलवाव्या लागल्या, ती कुरबूर वेगळीच. मजकूर कुणी काढला ते आजतागायत कळलेले नाही.

नवल याचे वाटते, की गट ऑफिस दोन-तीन किलोमीटरवर असताना तिथे येऊन विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

अफवा गावाला नवी नाही. पारावर, चावडीत, बाजारात ती पूर्वीही उठायची. पण सांगणारा समोर असायचा. तो कुणाचा कोण, कुणाशी त्याचे वाकडे, त्याचे बोलणे किती धरायचे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. फोनवर आलेल्या मजकुराला असा धनी नसतो. तो मेव्हण्याकडून आलेला असतो, मेव्हण्याला दुसऱ्याकडून, आणि मेव्हणा आपला म्हणून मजकूरही आपला वाटतो.

यातून काय होऊ शकते ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात बरेच दिवस मोबाईलवर फिरत होते. भिक्षेकरी म्हणून आलेल्या पाच जणांना जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, आणि पोटासाठी तिकडे गेले होते. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि मूल उचलून नेतात. मूळ फीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली.

शेवट कापायला फार अक्कल लागत नाही. आपल्याकडे उसाच्या दराचेच बघा. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली. संदेश पुढे पुढे जाताना उताऱ्याची अट गळाली, तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते हेही गळाले, आणि ३,५५० हा आकडा तेवढा राहिला. आकडा खरा, संदेश खोटा. बिल हातात पडल्यावर सभासद शेतकी विभागावर डोळे वटारतो. त्याचा राग आम्हाला समजतो, कारण त्याने वाचलेला आकडा खोटा नव्हता.

आतापर्यंत जे सांगितले ते माणसांनी हाताने केलेले काम. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला सगळे ए.आय. म्हणतात, ती आली आहे. एखाद्या माणसाच्या बोलण्याचा लहानसा नमुना यंत्राला दिला, की त्याच आवाजात, त्याच धाटणीत, जो माणूस कधी बोललाच नाही ते यंत्र बोलते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षांतर्गत निवडणूक होती. मतदानाच्या तोंडावर हजारो मतदारांना फोन गेले. आवाज राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा, सांगणे असे की आत्ता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. बायडेन बोललेच नव्हते. पुढच्याच महिन्यात तिथल्या दळणवळण आयोगाने अशा बनावट आवाजाचे यंत्रफोन बेकायदा ठरविले, आणि पुढे, ज्या राजकीय सल्लागाराने हे करविले त्याला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

आपल्याकडे तमिळनाडूत करुणानिधी ऑगस्ट २०१८ मध्ये वारले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या नेत्याच्या पुस्तक प्रकाशनात ते पडद्यावर आले आणि भाषण करून गेले! यात फसवणूक नव्हती, यंत्राचे काम आहे हे सर्वांना ठाऊक होते. तरी आम्हाला ते खटकते. गेलेल्या माणसाच्या तोंडी आजच्या माणसाने शब्द घालायचे, आणि त्याला ‘मी असे म्हटलेच नसते’ म्हणायचीही सोय नाही.

महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. त्याच्या आदल्या दिवशी काही बड्या नेत्यांच्या नावे ध्वनिफिती बाहेर आल्या. पक्षांची नावे घेण्याचे हे पान नव्हे. ज्यांचा म्हणून आवाज सांगितला त्यांनी तो आपला नसल्याचे सांगून तक्रारी केल्या. फिती तपासणाऱ्यांनीही त्यांतील काही यंत्राने केलेल्या दिसतात असे म्हटले. पण मतदान सकाळी सातला सुरू व्हायचे होते. आदल्या दिवशी ऐकलेल्याची शहानिशा करून सात वाजता रांगेत उभा राहणारा मतदार किती निघेल?

कारखान्याच्या निवडणुकीला हे किती लागू पडते ते आम्ही सांगायला नको. इथे शेअर कितीही असोत, मत एकच. विधानसभेला लाखांत मतदार असतात. आपल्याकडे एखाद्या गटात काही शे मतांनी पारडे फिरते. मतदानाच्या आदल्या रात्री दहा वाजता एखाद्या उमेदवाराच्या आवाजात ‘अमक्या गावाचा ऊस आपल्याला नको’ अशी फीत सोडली, तर खुलासा कुणी, कुठे आणि किती वाजता करायचा?

आणि याची एक उलटी बाजू आहे. तिची आम्हाला जास्त काळजी वाटते. खोटा आवाज काढता येतो हे सर्वांना कळले, की खऱ्या आवाजालाही ‘ते यंत्राचे काम’ म्हणून हात झटकता येतात. सर्वसाधारण सभेत कुणी काही कबूल केले, ते चित्रफितीत आले, आणि चार महिन्यांनी तोच गृहस्थ ‘तो मी नव्हेच’ म्हणाला, तर सभासदाने काय करायचे? निदान सभेचे इतिवृत्त आहे. ते वाचून कायम करताना आपण बहुतेक जण चहाकडे बघत असतो, ही गोष्ट निराळी.

एवढे लिहिल्यावर कुणी म्हणेल, शेतकी विभाग मोबाईलच्या विरुद्ध गेला. तसे नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊस शेतीत हीच कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला घेतली आहे. जमिनीत ओलावा मोजणारी साधने, शेतावर हवामान केंद्र, वरून उपग्रहाची छायाचित्रे, आणि या सगळ्याचा हिशेब करून पाणी केव्हा, खत किती, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी या कामाचा जाहीर उल्लेख केला. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. आम्हाला हे हवे आहे. पाटपाणी सोडून रात्री झोपणाऱ्याला ओलाव्याचा आकडा दिसला, तर पाणी वाचेल नि जमीनही खारवटणार नाही. फक्त सल्ला देणारे साधन आणि अफवा आणणारे साधन एकाच खिशात आहे. पाण्याचा संदेश खरा निघाला म्हणून शेजारचा दराचा संदेशही खरा, असे मन धरून चालते.

तेव्हा येत्या हंगामासाठी विभागाची पद्धत अशी राहील. तोडणी कार्यक्रम, कारखाना बंद होण्याची तारीख आणि बिलाचा दर, या तीन गोष्टींची सूचना गट ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहिली जाईल. तिच्याखाली तारीख आणि गट अधिकाऱ्याची सही असेल. चिटबॉयला त्या दिवशीची सूचना तोंडपाठ असेल, नसेल तर आम्हाला कळवा. फळ्यावर नाही ते कारखान्याचे नाही, मग आवाज चेअरमनसाहेबांचा असो की आमचा. आलेली फीत पुढे पाठविण्यापूर्वी ती पहिल्यांदा कुणी टाकली एवढे ग्रुपमध्ये विचारावे. घरातील वडीलधारी माणसे आणि माय-बहिणी मजकूर वाचत नाहीत, आवाज ऐकतात. त्यांना ही गोष्ट संध्याकाळी निवांत बसून सांगावी. आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, आणि आता नेमकी तीच ओळख फसवते आहे.

फळा सकाळी नऊला लिहून होईल. पावसाळ्यात त्यावर पत्रा टाकण्याची मागणी दोन गटांतून आली आहे, ती मंजूर झाली आहे.