पाण्याच्या पापुद्र्यात अडकलेली माशी

भिलाईच्या पोलाद कारखान्यास पाणी पुरविणाऱ्या मरोदा जलाशयासारख्या कोणत्याही संथ पाण्याच्या काठी, सायंकाळी दिव्याभोवती डासासारखी दिसणारी, परंतु न चावणारी चिलटे घोंघावताना आढळतात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात. कित्येकींच्या अंगी हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या तांबड्या दिसतात. अळीचा कोष झाला म्हणजे तो वर येतो, पृष्ठभागास टेकून लोंबकळतो, पाठीवर उकलतो आणि आतून चिलट बाहेर पडते.

हा शेवटचा टप्पा अल्पकाळाचा, पण जिवावरचा असतो. पृष्ठताणामुळे पाण्यावर जणू एक ताणलेला पापुद्रा असतो. मोठ्या प्राण्यास तो जाणवतही नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान कीटकास मात्र तो भेदणे कष्टाचे होते. त्या वेळी त्यास धड पोहता येत नाही आणि उडताही येत नाही. थंड प्रदेशातील ट्राउट मासा नेमका तेव्हाच त्यास टिपतो.

ट्राउट भिलाईस मिळावयाचा नाही. पाणी २० अंश सेल्सिअसपलीकडे तापू लागले की तो हैराण होतो. भारतात तो मूळचा नव्हेच. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून तपकिरी ट्राउट काश्मिरात रुजला व पुढे कुलूच्या खोऱ्यातही सोडण्यात आला. चिलटे मात्र इकडची व तिकडची एकाच कुळातील होत.

कोषातून अर्धवट बाहेर पडलेल्या या कीटकाची नक्कल करणाऱ्या कृत्रिम माशीस इंग्रजीत ‘इमर्जर’ म्हणतात. मराठीत ‘उन्मज्जक’ म्हणता येईल. ती बांधण्यातील खरी अडचण अशी की, गळ पोलादाचा, आणि पोलाद पाण्याच्या सुमारे पावणेआठपट जड. माशी सर्वस्वी बुडली तर व्यर्थ, सर्वस्वी तरंगली तरीही व्यर्थ.

याकरिता बारीक तारेचा, १८ किंवा २० क्रमांकाचा गळ घेतात. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान; वीस क्रमांकाच्या गळाचा दांडा जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरतो. गळ लहानशा व्हाइसमध्ये पकडून नेढ्यामागून बाकापर्यंत रेशमासारखा तलम दोरा गुंडाळावा. शेपटीस फिकट रंगाचे दोन-चार तंतू बांधावेत. ती टाकलेली कात होय. शरीर केवळ दोऱ्याचेच ठेवून त्यावर तांब्याची केसासारखी तार विरळ वेढ्यांनी फिरवावी. तिने कोषाची वळी दिसतात आणि मागील भाग पाण्यात झुकतो. छातीच्या जागी सशाची लव चिमूटभर पिळून लावावी. नवशिक्याची माशी बहुधा येथेच जाड होते.

पंखांसाठी बदकाच्या शेपटीजवळील तैलग्रंथीभोवतीची मऊ पिसे वापरतात. ती तरंगतात याचे श्रेय तेलास दिले जाते. परंतु त्यांच्या सूक्ष्म तंतूंत अडकून राहणारी हवाही तितकीच उपयोगी पडते. पिसे छातीवर आखूड उभी बांधून नेढ्यामागे गाठ द्यावी. नेढे मोकळे राहिले पाहिजे. या पिसांना नेहमीचे चिकट मलम लावू नये; तंतू एकमेकांस चिकटले की हवा निघून जाते.

अशी माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी. दोर ताणला गेला तर पिसे बुडतात आणि पाण्यावर रेघ उमटते. मासा ती घेतो तेव्हा पाणी उडत नाही, केवळ एक लहान वलय उठते. काठी मग सावकाश उचलावी. झटका दिल्यास इतकी बारीक तार सरळ होते.