वेताळाची शपथ आणि चाचेगिरीचा प्रश्न : ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे पुनर्वाचन

प्रस्तावना

मुखवटा धारण करून अन्यायाशी झुंजणाऱ्या नायकाची पहिली ओळख मराठीतील अनेक वाचकांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळाने करून दिली. बेनेट, कोलमन आणि कंपनीने मुंबईतून मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही चित्रकथामाला इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती इत्यादी भाषांतून प्रसिद्ध होत असे. १९९० मध्ये ती बंद पडली. बालपणी या कथा केवळ साहस म्हणून वाचल्या गेल्या. आज त्या पुन्हा वाचताना कोणते प्रश्न उपस्थित होतात, विशेषतः मोरा-उरणसारख्या सागरकिनाऱ्यावरील वाचकाला त्या कशा दिसतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ कथा व तिचे भारतीय रूप

वेताळाचे मूळ नाव ‘फँटम’. ली फॉक या अमेरिकन लेखकाने ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रातून सुरू केली. सुपरमॅनचा अवतार त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये झाला. फँटमजवळ कोणतीही अलौकिक शक्ती नाही. परंतु अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवटा आणि गुप्त ओळख ही पुढील महानायकांची लक्षणे त्याच्या ठिकाणी आधीच एकवटली होती.

त्याच्या घराण्याची कथा १५३६ या वर्षापासून सुरू होते. चाचे एका युरोपीय जहाजावर हल्ला करतात. एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागतो व वनवासी बुटके लोक त्याची शुश्रूषा करतात. पुढे आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी व क्रौर्य यांच्या निर्दालनाची शपथ घेतो. पित्यामागून पुत्र तीच भूमिका स्वीकारत गेल्यामुळे हा पुरुष अमर आहे, असा समज जंगलात रूढ होतो. आपण वाचतो तो एकविसावा फँटम होय.

मूळ कथेतील चाच्यांचे नाव ‘सिंग’ होते आणि प्रदेशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते. इंद्रजालच्या अंकांत ‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले व तो प्रदेश ‘डेंकाली’ बनला. खलनायक भारतीय आहे, ही खूण अशा रीतीने पुसली गेली. भारतीय वाचकाला नायकाच्या बाजूने उभे राहता यावे, यासाठी हा फेरफार उपयोगी ठरला.

‘वेताळ’ या नावाचे कार्य

मराठी रूपांतरातील सर्वांत परिणामकारक बदल नावाचा आहे. ‘भूत’ किंवा ‘पिशाच्च’ असा शब्द योजला असता तर केवळ भय सूचित झाले असते. वेताळ मात्र मराठी मनाला दोन अंगांनी परिचित आहे. एक, विक्रमाला कथा सांगणारा वेताळपंचविशीतील वेताळ. आणि दुसरा, कोकण-गोव्यातील गावांचा राखणदार. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या आकाराच्या चामडी चपला अर्पण करतात. देव रात्री गावाच्या रक्षणार्थ फिरतो व त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. जंगलात अखंड फिरणाऱ्या, मरण नसलेल्या रक्षकाला यापेक्षा समर्पक नाव सापडणे कठीण होते. तथापि या नावामुळे परका नायक ग्रामदेवतेच्या जागी जाऊन बसला आणि त्याच्या परकेपणाविषयी प्रश्न विचारण्याची गरजच वाचकाला भासली नाही.

चाचे कोण?

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरून विचारला पाहिजे. शपथेच्या दोनच वर्षे आधी, १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. मोरा बंदर ज्या करंजा बेटावर, म्हणजे आजच्या उरण परिसरात आहे, तेथेही पुढे पोर्तुगीजांचा अंमल राहिला. या समुद्रात व्यापार करणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना, ज्याला ‘कार्ताझ’ म्हणत, घ्यावा लागे. तो नसलेले जहाज जप्त करण्याचा हक्क त्यांनी स्वतःच स्वतःकडे घेतला होता. म्हणजे ज्या काळात कथेतील युरोपीय खलाशी चाचेगिरीचा बळी ठरतो, त्याच काळात या किनाऱ्यावरील नाखव्यांना युरोपीय आरमाराची जरब सोसावी लागत होती.

पुढील काळातही हेच दिसते. कान्होजी आंग्रे यांना इंग्रज कागदपत्रांनी चाचा ठरविले. वस्तुतः ते मराठ्यांचे सरखेल होते आणि १७१८ मध्ये खांदेरीवरील इंग्रजांचा हल्ला त्यांच्या आरमाराने परतविला. ‘चाचा’ हा शब्द निव्वळ गुन्ह्याचे वर्णन नसून समुद्रावर कोणाची सत्ता मान्य करावयाची याविषयीचा तो निवाडा असतो. वेताळाच्या कथेत तो निवाडा आधीच दिलेला आहे.

नायकातील परिवर्तन

या कथांना केवळ वसाहतवादी म्हणून बाजूला सारणे मात्र न्याय्य ठरणार नाही. आशिया-आफ्रिकेतील देश स्वतंत्र झाल्यावर फॉक यांनी आपल्या कथाविश्वात लोकनिर्वाचित कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष डॉ. लुआगा यांना स्थान दिले. नायिका डायना ही संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी स्वतंत्र वृत्तीची स्त्री आहे.

याहून महत्त्वाचा बदल डिसेंबर १९७६ मध्ये घडला. आबिद सुरती यांनी निर्मिलेला ‘बहादूर’ हा भारतीय नायक इंद्रजालमध्ये अवतरला. वेताळ व बहादूर या दोघांच्याही कथांचा आरंभ पित्याच्या वधापासून होतो. परंतु बहादूरचा पिता डाकू असून पोलिसांच्या हातून मारला गेलेला आहे. सूडाचा मार्ग सोडून बहादूर नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. १९७२ मधील चंबळच्या डाकूंच्या शरणागतीची पार्श्वभूमी लक्षात घेता हा बदल अर्थपूर्ण वाटतो. वेताळाची शपथ वंशपरंपरेने चालते. बहादूर मात्र वारशाने आलेले वैर नाकारतो आणि त्याला मुखवट्याची गरज भासत नाही.

निष्कर्ष

बालपणी प्रिय झालेल्या कथेची चिकित्सा केल्याने तिचा आनंद नाहीसा होत नाही. उलट त्या आनंदाबरोबर कोणती गृहीतके आपण स्वीकारली, हे कळते. इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांना एकत्रितपणे अध्यापनासाठी हे साहित्य वापरता येईल. वेताळाची शपथ आणि कार्ताझची पद्धत शेजारी ठेवून वाचल्यास विद्यार्थ्यांना आपल्याच बंदराचा इतिहास नव्या दृष्टीने पाहता येईल. त्यासाठी मराठी अंक उपलब्ध असणे आवश्यक आहे. स्वस्त कागदावर छापलेले व वाचून झाल्यावर रद्दीत जाणारे हे अंक जीर्ण होत आहेत. घराघरांतून उरलेले अंक महाविद्यालयीन ग्रंथालयांनी देणगीरूपाने मिळवून त्यांची रीतसर नोंद करावी. अनुवादाने केलेले फेरफार तपासण्याचे तेच एकमेव प्रत्यक्ष साधन आहे.