यंत्रांच्या भाराखाली दबणारी काळी जमीन

ह्या स्मरणिकेचे बहुतेक वाचक इंदूर, देवास, उज्जैन अशा शहरांत राहतात. तथापि कित्येक कुटुंबांची थोडीफार जमीन अद्यापही आसपासच्या खेड्यांत आहे. ती बटाईने वा ठेक्याने दिलेली असते, आणि नांगरटीपासून कापणीपर्यंतची कामे भाड्याच्या यंत्रांनी होतात. यंत्रांमुळे श्रम व वेळ वाचतो हे निर्विवाद होय. परंतु त्यांच्या वजनाने जमीन दबून जे नुकसान होते, ते वरून दिसत नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द.

चांगल्या जमिनीचा सुमारे निम्मा भाग पोकळ असतो. मोठ्या पोकळ्यांतून पाण्याचा निचरा होतो व हवा खेळते. लहान पोकळ्यांत ओल टिकते. जड चाक फिरले की मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. मग पावसाळ्यात पाणी वर साचते आणि सोयाबीनच्या मुळांवरील गाठींना हवा न मिळाल्याने पीक पिवळे पडते. पुढे ऑगस्टात पावसाने ओढ दिली, तर खोल न गेलेल्या मुळांस खालची ओल गाठता येत नाही. एकच शेत आधी पाण्याने गुदमरते आणि मग तहानेने माना टाकते, ते असे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वरच्या थरावरील दाब मुख्यतः टायरमधील हवेवर अवलंबून असतो. दाब किती खोल जाईल हे आसावरील एकूण वजनावर ठरते. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो. कापणी-मळणीचे मोठे स्वयंचलित यंत्र त्याच्या कित्येक पट जड, आणि टाकी भरली की आणखी जड. मालवी काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात व वरचा थर काही अंशी आपोआप मोकळा होतो. परंतु खोलवरचा दाब वर्षानुवर्षे तसाच राहतो.

ह्यावर पहिला उपाय म्हणजे वाफसा पाहणे. वीतभर खोलीवरची माती घेऊन तळहातांत वळावी. तिची दोरीसारखी वळी झाली, तर जमीन अजून ओली आहे. यंत्र घालू नये. माती भुगभुगीत फुटली, तर खुशाल घालावे. सोयाबीनच्या कापणीस परतीचा पाऊस आला म्हणजे खरी पंचाईत होते. थांबावे तर शेंगा फुटण्याचे भय, न थांबावे तर जमीन दबते. अशा वेळी निदान टाकी अर्धी भरताच रिकामी करावी, आणि धान्याची ट्रॉली शेतात न आणता बांधाकडेला उभी ठेवावी.

दुसरा उपाय, चाकांची वाट ठरवून देणे. पहिल्याच फेरीत बहुतेक नुकसान होऊन जाते. म्हणून सर्व शेतभर चाके फिरविण्यापेक्षा ठराविक पट्ट्यांतूनच ती न्यावीत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट ह्या संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी जी रुंद वरंबा-सरी पद्धत पुढे आणली, तीत चाके वा बैल सरीतून चालतात व पिकाचा वरंबा मोकळा राहतो.

तिसरा उपाय, सेंद्रिय खत. त्याने मातीचे कण रवाळ बांधले जातात व ती दाबास अधिक टिकते. हे सांगताना आपल्या इंदुराचा अभिमान वाटतो. 1924 ते 1931 ह्या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी येथेच कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली, आणि 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरील ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते.

खोल फाळाने दबलेला थर फोडता येतो. पण जमीन कोरडी असेल तरच. ओल्या जमिनीत फाळ केवळ चीर पाडतो. शिवाय फोडलेल्या जमिनीवर पुन्हा जड चाक गेले, की ती पूर्वीपेक्षाही सहज दबते.

शेवटी एक विनंती. ठेका वर्षावर्षाचा असला की कसणाऱ्यास पुढील दहा वर्षांची काळजी वाहण्याचे कारण उरत नाही. ती आपणच वाहिली पाहिजे. करार करताना मुदत थोडी वाढवावी, वाफसा येण्यापूर्वी यंत्र न घालण्याची अट घालावी, आणि थांबल्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा वाटा आपणही उचलावा. वडिलांनी राखलेली जमीन मुलांच्या हाती सातबारावर, खसऱ्यावर तेवढीच भरेल. तिचा कस तेवढाच राहील की नाही, हे मात्र आपल्यावर आहे.