बदकाच्या पिल्लांच्या खाली काय घालावं, खायला काय द्यावं



1 जूनला बंदी लागली की 31 जुलैपर्यंत आपल्या यांत्रिक होड्या किनाऱ्यावर. ह्या 61 दिवसांत घरात काहीतरी चालू राहावं म्हणून गेल्या पावसात सोसायटीने सभासदांना बदकाची पिल्लं दिली होती. त्यातली बरीच मेली. कोण म्हणालं रोग आला, कोण म्हणालं पिल्लंच वाईट होती. खरं सांगायचं तर मोठी चूक आम्हा समितीवाल्यांची होती. यंदा पुन्हा पिल्लं येत आहेत, म्हणून आधीच लिहितो.

खाद्याची पोती आम्ही जाळ्यांच्या गोदामात, थेट ओल्या फरशीवर टाकली होती. खालच्या पोत्यांना बुरशी आली. वरवर चांगलं दिसतंय म्हणून तेच वाटलं. कोंबडीने ते कदाचित पचवलंही असतं. बदकाचं पिल्लू नाही पचवत. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर येणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि पाळीव पक्ष्यांत बदकाचं पिल्लू त्याला सगळ्यात नाजूक. 1960 साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने लाखभर टर्की मेल्या, त्यांच्याबरोबर बदकाची पिल्लंही गेली, तेव्हा कुठे ह्या विषाचा शोध लागला. पिल्लू खाणं सोडतं, लंगडतं, मान मागे टाकतं आणि जातं. उन्हात वाळवून, शिजवून हे विष जात नाही. कुबट वास आला, गुठळ्या दिसल्या की पोतं फेकून द्या. पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, पण फेका. कोंबड्यांनाही घालू नका.

आता खाली काय घालायचं. वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात, आणि एकदा फाकलेले पाय सरळ करणं कठीण. लाकडाचा बारीक भुसा पहिल्या आठवड्यात नको, पिल्लं तो खाद्य समजून खातात. समुद्राची वाळू तर नकोच, तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं. भाताचं तूस किंवा सुताराकडे रंधा मारताना निघणाऱ्या पातळ साली घ्या, दोन-तीन इंचांचा थर द्या. पहिले तीन-चार दिवस वर गोणपाट अंथरलं तर पाय घसरत नाहीत आणि तूसही पोटात जात नाही. जुनं जाळं मुंगूस-कावळ्यासाठी वरून बांधा, खाली अंथरू नका, पाय अडकतात.

अंथरूण ओलं होतं ते पावसापेक्षा पाण्याच्या भांड्याने. बदक पाण्याशी खेळणारच. भांडं इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, पण पिल्लू आत उतरणार नाही. एका पसरट थाळ्यावर तारेची जाळी ठेवा आणि भांडं त्या जाळीवर. सांडलेलं पाणी थाळ्यात जमतं, तूस कोरडं राहतं. ओला झालेला भाग रोज काढा. आई नसलेल्या पिल्लाच्या पिसांना आईचं तेल लागलेलं नसतं, ते भिजून गारठतं. म्हणून "बदक आहे, पोहू दे" असं म्हणून तीन-चार आठवडे तळीत सोडू नका. ऊब पहिल्या आठवड्यात 32-33 अंश ठेवा, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. पिल्लं एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय, दिव्यापासून लांब पळाली की उकडतंय, असं समजा.

खायला पहिले तीन आठवडे वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं खाद्य हवं. बदकाचं वेगळं मिळत नाही तेव्हा कोंबडीच्या पिल्लांचं चालतं, पण औषध मिसळलेलं घेऊ नका. शिवाय त्यात नायसिन कमी असतं. बदकाला ते जवळपास दुप्पट लागतं, नाहीतर पाय वाकतात, गुडघ्यासारखा सांधा सुजतो. त्यासाठी ब्रुअर्स यीस्ट किती मिसळायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. खाद्य थोडं पाण्यात कालवून द्या, कोरडं घशात चिकटतं. तासाभरात संपेल एवढंच कालवा, उरलेलं आंबतं. आणि पाणी संपलेलं असताना खाद्य कधीच ठेवू नका.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त होणारी चूक मासळीची. ताजे पेडवे, सुंगटांची डोकी उकडून, काटे काढून, कुस्करून थोडी द्या, चांगलं अंग धरतात. कच्चे पेडवे देऊ नका, काही मासळीत बी-1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो उकडल्यावर जातो. पण खारे बांगडे, खारवलेल्या मासळीचं पाणी, घरातलं उरलेलं हुमण अजिबात नको. एवढ्याशा जिवाला तेवढं मीठ पुरतं मरायला.

यंदा पोती सोसायटीच्या ऑफिसात फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवली आहेत. सही करण्याआधी पोतं उघडून वास घ्या, हात आतपर्यंत घालून बघा. शंका आली तर आमच्यासमोर परत करा, कोणी वाईट वाटून घेणार नाही. तूस गिरणीवरून आणून ठेवलंय, येताना रिकामी गोणी घेऊन या.